ढेकर धरून एक एकर पाच गुंठे

...आणि वर मलाच म्हणत्यात, "ज्ञानू, तुझ्या म्हशींमुळं शहरावर भार पडतोय!" भार! आवो, तीन म्हशी, त्यातली एक भाकड, आणि शहर केवढं? तुम्हाला सांगतो पावणं... सायकल तिकडं आंब्याला टेकवा, तांब्या हितं ठेवा, तुमच्या म्होरं पाच जण हायत तवर ऐका. मी तसा बोलणारा माणूस न्हाई. शाळेत बी कधी तोंड उघडलं न्हाई. आठवीत गुरुजी म्हणाले, "हा हजर आहे का गैरहजर, कळतच नाही," मग मी म्हणलं त्यास्नी तरास नको, गैरहजरच ऱ्हायलो ते आजपातूर. पण ह्या बाबतीत गप बसवत न्हाई. आणि माझं खोटं वाटत असंल तर माझं सोडा, म्हशीला इचारा!

आमचा कट्टा तुम्ही बघितला न्हाईसा? पेठेतला, पिंपळाखालचा? अरारा... आज्ज्याच्या वक्तापासनं आमची म्हैस तिथं उभी ऱ्हायची. सांजच्याला म्हशी चालत यायच्या, गिऱ्हाईक घरनं तांब्या घिऊन यायचं, त्याच्या डोळ्यादेखत धार काढायची, त्यानं फेसासकट तांब्या तोंडाला लावायचा, मिशी पुसायची आणि घरला जायाचं. संपलं! पिशवी न्हाई, बाटली न्हाई, बरफ न्हाई, टेंपो न्हाई. शेण पडायचा अवकाश, बाळाबाई पाटी घिऊन हजर, ती त्याच्या शेणी थापायची. म्हंजे म्हशीचं खालनं निघालेलं बी आणि मागनं पडलेलं बी पेठेतच जिरत हुतं. ह्याच्यात भार कुठं आला सांगा!

मग पिंपळासमोर बिल्डिंग उठली. चार मजली. नाव काय, तर 'वसुंधरा'. वसुंधरा उकरून बांधली म्हणून ठेवलं असंल. आणि नकाशा बघितला तर आमच्या पिंपळाखालची जागा त्यांच्यात गेलेली! त्या बिल्डिंगचं अध्यक्ष राजवर्धनसाहेब. माणूस वाईट न्हाई, मी कुणाला वाईट म्हणत न्हाई, पण दारात दोन गाड्या, घरात दोन एसी, अडीचशे फूट खोल बोअर, आणि गॅलरीत तीन कुंड्या. त्या तीन कुंड्यांमुळं त्यास्नी पर्यावरणाचं लई कळतंय. त्यांनी समिती काढली. शहराचा निसर्गावरचा भार कमी करायचा, आणि सुरुवात आपल्या बिल्डिंगपासनं करायची. चांगलं हाय की! कोण न्हाई म्हणतंय? पण सुरुवात बिल्डिंगपासनं म्हंजे बिल्डिंगच्या समोरनं, हे आम्हाला मागनं कळलं.

तळमजल्याला क्रांतीताई हायत, कॉलेजात शिकवत्यात. त्या मातूर खऱ्या. त्यांनी पुण्यासनं एक फारम आणला. मला म्हणाल्या, "ज्ञानू, प्रत्येक माणसाला जगायला पृथ्वीचा एक तुकडा लागतो. त्याचं धान्य तिथं पिकतं, त्याचा धूर तिथली झाडं पितात, त्याचा कचरा तिथं पडतो. तर तुला किती गुंठे लागतात ते आपण काढूया." आता गुंठं म्हणलं की कोल्हापूरच्या माणसाला लगेच कळतंय. एवढी वर्षं कुणी मला इतकं सोपं शिकवलं न्हाई, न्हाईतर मी दहावी झालो असतो.

बसलो फारम भराय.

"गाडी कुठली?"

"न्हाई."

"मग जातोस-येतोस कसा?"

"म्हशीच्या मागनं."

"फ्रीज?"

"ताई, दूध शिल्लक ऱ्हायला पायजे की."

"आठवड्याला कचरा किती पाट्या?"

मी इचार केला, केला... शेवटी म्हणलं, "आईला इचारून सांगतो, आमच्यात काय टाकत्यात ते मला ठावं न्हाई."

"वर्षातनं विमानानं किती वेळा?"

मी म्हणलं, "ताई, मी अजून लिफ्टमधी बी बसलेलो न्हाई."

ताई हसल्या न्हाईत. गप लिहून घेतलं. सगळ्या बिल्डिंगनं फारम भरलं, आणि निकालाची सभा ठेवली. त्याच सभेत आमच्या म्हशी शहराबाहेर काढायचा ठराव बी हुता. कधी? सांजच्याला सहाला! ऐन धारंच्या टायमाला! आता समितीची नोटीस वाचून म्हैस पान्हा राखून ठेवती व्हय? एकदा पान्हावली की पान्हावली. माझं सोडा, म्हशीला इचारा! सभेला न्हाई जावं तर कट्टा जातोय, जावं तर धार जाती. मग मी काय केलं... इथंच चुकलं बघा माझं. बिजलीला, माझ्या दुभत्या म्हशीला, संगं घिऊनच सभेला गेलो. बिल्डिंगच्या पार्किंगमधी सभा, दोन गाड्यांच्या मधी बिजली उभी, तिच्या बुडाला मी चरवी धरून. समोर माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, हरएकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि मागं ह्यो लांबलचक फलक, 'प्लास्टिकमुक्त वसुंधरा'. फलक कशाचा? प्लास्टिकचा.

ताईंनी निकाल वाचला. "सर्वात कमी जागा लागणारी व्यक्ती... ज्ञानू. पस्तीस गुंठे."

मी लाजलो. उभ्या जन्मात कशात पयला आलेलो न्हाई, त्यामुळं कसं लाजायचं ते बी ठावं नव्हतं, बिजलीच्या पोटाला डोकं लावून बसलो.

"आणि सर्वात जास्त... राजवर्धन सर. साडेअकरा एकर."

सातबाऱ्यावर ज्याच्या नावावर एक गुंठा न्हाई, तो माणूस साडेअकरा एकर खाऊन बसलाय! आमच्या केरबामामाचा सगळा मळा दोन एकराचा, आणि त्यावर भावकीत तीन दावं!

साहेब तापलं. "हा हिशोब चुकीचा आहे! म्हशीचं काय? म्हैस ढेकर देते! त्या वायूनं पृथ्वी तापते, मी वाचलंय! म्हशीचा ढेकर धरला का?"

क्रांतीताई सरळ माणूस. म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे. ढेकर धरायला हवा." बसल्या हिशोब कराय. मी म्हणलं धरा की, ढेकर धरा, जांभई धरा, वैरण धरा, काय सोडू नका. सगळी टाचा वर करून बघाय लागली.

"ढेकर धरून..." ताई म्हणाल्या, "एक एकर पाच गुंठे."

अध्यक्ष अकरा, मी एक! आणि मग, कुणास ठावं कुठनं बळ आलं, मी उठलो. चरवी हातात. म्हणलं, "साहेब... मग शहराबाहेर जायाचं कुणी?"

बास. एवढंच. पण पावणं, माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच भाषण, आणि काय भाषण झालं! चार-पाच माणसं हसली, मागनं कोणतरी "नादखुळा!" म्हणालं, बयाबाईंनी, साहेबांच्या आईनं, पदर तोंडाला लावला. अजून घटकाभर असंच चाललं असतं तर कट्टा वाचला हुता, शपथ... आणि तेवढ्यात बिजलीनं शेपूट उचललं. पडला की पो! आणि पडावा कुठं? साहेबांच्या नव्या गाडीच्या दाराला घासून खाली! बाळाबाई असती तर खाली पडायच्या आधी झेलला असता, पण तिला सभेला बोलावलं नव्हतं.

साहेब वरडलं, "बघा! हे बघा प्रदूषण!" आणि सगळ्या बिल्डिंगला एकदम पटलं. वरचा धूर दिसत न्हाई, बोअरच्या तळाचं पाणी दिसत न्हाई, अकरा एकर तर कुणालाच दिसत न्हाईत, पण पो दिसतोय! हात वर झालं. ठराव पास. क्रांतीताईंचा एकटीचा हात खाली.

दुसऱ्या दिवशी मी, आई आणि तिन्ही म्हशी हितं. गगनबावड्याच्या रस्त्याला, मामाच्या मळ्यात. शहरापासनं नऊ किलोमीटर, आणि शेवटचा चढ तर तुम्ही आत्ता चढूनच आलायसा, तुमच्या तोंडावर दिसतंयच. आई म्हणाली, "पिशवीवाल्या डेरीला दूध घाल आता, गप." मी म्हणलं घालणार न्हाई! आमचं दूध कासंतनं तांब्यात जाणार, मधी कोण न्हाई. ज्याला पायजे त्यानं यावं!

तीन दिवस कोण आलं न्हाई. चौथ्या दिवशी गाडी आली. गाडीत कोण? साहेब! आणि शेजारी बयाबाई, मांडीवर पितळी तांब्या. त्यांचं म्हायेर मुरगूडचं, वय पंचाहत्तर, पिशवीतलं दूध त्यांनी पोराच्या कुंडीत ओतलं हुतं म्हणं. "मेलेलं दूध मी पीत न्हाई! तू नेत नसशील तर मी जातो चालत!" मग काय करतील साहेब? आणलं. त्यांचं बघून दुसऱ्या मजल्यावरचं आलं, मग तिसऱ्यावरचं, मग अख्खी बिल्डिंग! एका तांब्यासाठनं एक गाडी! आठ दिवसांत सांजच्याला हितं अकरा गाड्या, धुरळा ह्यो एवढा, हॉर्न वाजला की मामाची कोंबडी झाडावर. आणि क्रांतीताई फारम घिऊन आल्या, हिशोब केला आणि बांधावर डोकं धरून बसल्या. "ज्ञानू, सगळे वाढले रे. साहेब आता तेरा एकर."

तेरा एकर! माझ्या दुधापायी! आणि त्यात हॉर्न वाजला की म्हशी पान्हा चोराय लागल्या. खोटं वाटतंय? माझं सोडा, म्हशीला इचारा!

तवा मी उठलो आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिवलं: 'गाडीने येणाऱ्यास दूध मिळणार नाही.' ते बघा, अजून हाय. आई बोंबलली, "आरं मुडद्या, गिऱ्हाईक हाकलतोस व्हय!" मी म्हणलं जाऊ दे गिऱ्हाईक! बसनं या, सायकलनं या, रांगत या, पण गाडी न्हाई! माझ्या मनात काय हुतं सांगू? म्हणलं, एकदा ह्या लोकांचं एकर कमी करून दाखवतो. मग कागद घिऊन जातो आणि म्हणतो, बघा, भार म्हशीचा न्हाई, तुमच्या गाडीचा हुता, आता आमचा कट्टा परत द्या. बास, तेवढंच पायजे हुतं मला. पिंपळ.

लोकं काय कमी हायत? गाड्या वळणाच्या मागं लावून चालत याय लागली! "सायकल पंक्चर झाली रे ज्ञानू." मग मी कपाळाला हात लावून बघाय लागलो. घाम असंल तर धार, कोरडं असंल तर घरला. एकजण कपाळाला पाणी लावून आला, मी म्हणलं चाटून बघू का? पळाला! शेवटी साहेबांनी पोराची जुनी सायकल काढली. कॅरियरला आई बसवली, हँडलला तांब्या, आणि नऊ किलोमीटर हाणत, चढाला उतरून ढकलत, मागनं आईचा आवाज, "जोर लाव की राजा, लहानपणी काय ताक पाजलं व्हय तुला!" मी स्वता त्यास्नी दोन तांबं जास्त दिलं. साहेबांचं पोट गेलं, साखर उतरली. आणि सायकल चालवून आल्यावर थंड हवा गोड लागती, मग एसी बंद. पिशव्या बंद. बघता बघता सगळी बिल्डिंग दोन चाकांवर.

सा महिन्यांनी क्रांतीताईंनी परत मोजलं. साहेब तेरावरनं साडेपाच एकर! बिल्डिंग निम्म्यावर! ताई रडल्या. मी रडलो. म्हणलं जिंकलो गड्या, आता उद्याच पिंपळ!

परवाच्या रविवारी बिल्डिंगमधी समारंभ झाला. मला बोलावलं, आईला बोलावलं, म्होरल्या खुर्चीत बसवलं. मी खिशात कागद ठेवलेला, कट्टा मागायचा. साहेब माइकवर आलं. म्हणाले, "मित्रहो, सहा महिन्यांत आपल्या इमारतीचा निसर्गावरचा भार निम्म्यावर आला. आणि हे कशामुळं घडलं? आपण धाडसानं एकच निर्णय घेतला, म्हशी शहराबाहेर काढल्या! त्या दिवसापासून आकडे बघा! म्हणून आता पेठेतल्या सगळ्याच कट्ट्यांवरच्या म्हशी बाहेर काढाव्यात, असा मी ठराव मांडतो!"

क्रांतीताई उठल्या, "सर, अहो कारण उलटं..." पण कोण ऐकतंय? टाळ्या! मला वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. "शहर वाचवण्यासाठी शहर सोडणारा तरुण!" माइक म्होरं धरला. म्हणाले, बोल. खिशात कागद हुता... हात खिशापातूर गेला बी हुता. पण दोन्ही हात नारळात, खांद्यावरनं शाल घसरायला लागली, समोर एवढी माणसं, आई बी खाली बसून टाळ्या वाजवाय लागलेली, आनंदानं, तिला वाटलं काहीतरी चांगलं झालं...

मग काय करतोय. नारळ काखंत धरला आणि मीबी वाजवल्या.