सासऱ्यांचं घड्याळ मागे का पडत होतं

राग अजून गेलेला नाही, म्हणून सांगते. माझे सासरे सकाळी फिरून आले की त्यांचं जुनं चावीचं मनगटी घड्याळ काढून शेल्फवर आडवं ठेवतात. शेल्फवर जागा उरेना, म्हणून पुसताना मी ते औषधांच्या डब्याला टेकवून उभं ठेवायला लागले. तेव्हापासून घड्याळ रोज चार-पाच मिनिटं मागे पडायला लागलं. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. खाली बागेतल्या बाकावर मित्रांना मात्र सांगितलं, "सूनबाई चावीशी खेळते, म्हणून बिघडलं." हे मला लिफ्टमध्ये शेजारणीकडून कळलं.

मी घड्याळ घेऊन सरळ खारघरच्या मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने ते घड्याळाची चाल तपासायच्या मशीनवर आधी आडवं लावलं, मग उभं.

"मॅडम, आडवं असलं की बरोबर चालतं, उभं केलं की मागे पडतं. आतलं तेल सुकलंय. चावीला कोणी काही केलेलं नाही."

घरी येऊन सासऱ्यांना हे सांगितलं, तर म्हणतात, "म्हणजे उभं तूच ठेवत होतीस ना?" नवरा मोबाइलमध्ये बघत राहिला.

संध्याकाळी मी त्या बाकापाशी गेले आणि त्यांच्या मित्रांसमोर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

सासरे उठून उभे राहिले. "घरातल्या गोष्टी चारचौघांत कशाला?"

मी म्हटलं, "तेच मला तुम्हाला विचारायचं होतं, बाबा."