खाचेतली क्लिप

शोरूममध्ये मी माझ्या गाडीच्या नंबरप्लेटची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या टेबलाशी नवरा-बायको आणि समोर सेल्समन.

“सहा एअरबॅग आहेत, ताई. शिवाय मागे कुणी बेल्ट लावला नाही, तर बीप वाजतच राहतो.”

“तो गप्प करता येतो का?”

“अगं, हे काय विचारतेस? चल, रंग बघू.”

“रंग तू बघ. मी यांना विचारतेय.”

“लोक करतात, ताई. बाजारात नुसती क्लिप मिळते, ती बेल्टच्या खाचेत अडकवतात. पण एअरबॅग बेल्टच्या जोडीनंच कामाची. माणूस मोकळा बसला, तर सहा असोत नाहीतर साठ.”

“ही बघा, क्लिप म्हणजे अशीच ना?”

“हो, अशीच.”

“ही कुठून काढलीस तू?”

“आपल्या जुन्या गाडीतून. भंगारात जायच्या आधी.”

“आईला बेल्ट काचायचा गं. सारखी कुरकुर करायची, म्हणून लावली मी. दवाखान्यापर्यंत तर जायचं होतं.”

“मी कुठं काय म्हणतेय? गाडी उलटली, तरी ही खाचेतच होती. गाडीला शेवटपर्यंत वाटत होतं, आईंनी बेल्ट लावलाय.”