सगळं दहा मिनिटांवर

दहा मिनिटं! कोण म्हणालं ते? नाही, आत्ता मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नाशकात काय हो, सगळं दहा मिनिटांवर!" म्हणालात ना? मग या, पुढे येऊन बसा, कारण हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, आजचं नाही, दोन हजार एक सालापासून फिरतंय... आणि तुम्हाला सांगते, ज्या माणसाने ते पहिल्यांदा माझ्या कानात घातलं त्याचा सूड घेता घेता मी कुठे येऊन पडले ते ऐका, आणि मग म्हणा दहा मिनिटं!

तो माणूस म्हणजे माझा सख्खा दीर. आल्हादभावजी. नोकरी ओझरला, विमानांच्या कारखान्यात, राहायला इंदिरानगर. आणि आम्ही मुलुंडला. मुलुंडला म्हणजे कसं, जिना उतरला की गिरणी, गिरणीला लागून किराणा, किराण्याला लागून डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या पायरीवर कोथिंबीरवाली शकुबाई. चपलासुद्धा नीट घालायच्या नाहीत, अंगठ्यात अडकवल्या की झालं! तर त्या वर्षी आमच्या ह्यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसून तिसऱ्याच दिवशी म्हणतात, "अगं सरोजिनी, ही जागा विकून नाशिकला जाऊया का? हवा काय असते तिथली!" हवा! बत्तीस वर्षं पंखा कुणाच्या टेबलावर यावा म्हणून भांडलेला माणूस, त्याला एकदम हवा!

मी म्हटलं, आठ दिवस राहून बघू, शेवटचा शब्द माझा. कबूल? कबूल. कारण हसण्यावारी नेऊ नका, मला काय सोडायचं होतं ते माझं मला ठाऊक होतं. आम्हा दोघांना गाडी येत नाही, ह्यांना तर सायकलसुद्धा येत नाही. मुलुंडला मी कुणालाही न विचारता, कुणाचीही वाट न बघता, मनात येईल तेव्हा जिना उतरत होते. ते गेलं की मी माणूस राहणार नाही, सामान होणार. कुणी गाडीत घालून नेईल तेव्हा जायचं, उतरवेल तिथे उतरायचं.

तर आलो रविवारी. भावजींची गाडी... मरून रंगाची, कव्हरखाली. वर्षभर कव्हरखाली! का? तर ओझरला भावजींना कारखान्याची बस नेते आणि कारखान्याची बस आणते! म्हणजे हा गृहस्थ स्वतः सकाळी कोपऱ्यापर्यंत चालत जातो आणि बसमध्ये झोपतो, आणि आम्हाला सांगतो काय? "वहिनी, कॉलेज रोड दहा मिनिटं. मेन रोड दहा मिनिटं. देवळाली कॅम्प... दहा मिनिटं!" मी म्हटलं, भावजी, कशाने? "कशाने म्हणजे? गाडीने!" असं बघितलंन माझ्याकडे, जणू मी विचारलं जेवायचं कशाने.

मग आम्हाला रो-हाऊस दाखवायला नेलं. पाथर्डी फाट्याकडे. बिल्डरचा माणूस आला, सुनील नाव, गळ्यात मोबाइल. "मॅडम, समोर मार्केट येणार, मागे बस स्टॉप येणार, बाजूला हॉस्पिटल येणार!" मी म्हटलं, आणि सध्या काय आहे? चारी बाजूंना बघितलं त्याने. एका बाजूला बाभळी, एका बाजूला द्राक्षाची बाग, मधे पाच कुत्री. म्हणाला, "सध्या व्ह्यू आहे, मॅडम." आणि आमचे हे त्या व्ह्यूसमोर छाती भरून उभे! "अगं, हवा बघ!"

दुसऱ्या दिवशी सोमवार. भावजी बसने ओझरला. स्नेहल, म्हणजे माझी धाकटी जाऊ, ती तिच्या स्कूटीवरून शाळेत शिकवायला. घरात कोथिंबीर नाही. मी म्हटलं, त्यात काय, उतरू खाली! उतरले. खाली काय? खाली नुसताच रस्ता! एक मोकळा प्लॉट, दुसरा मोकळा प्लॉट, तिसऱ्यात म्हैस. रिक्षावाल्याला हात केला, तो मीटरकडे बघायलाच तयार नाही, माझ्याकडेच बघतो. सिटी बस आली ती उलट्या दिशेची. चालले! भर उन्हात चाळीस मिनिटं चालले, एक जुडी घेतली, चाळीस मिनिटं परत आले, घरी पोचेपर्यंत ती जुडी माझ्याइतकीच मान टाकून!

आणि संध्याकाळी काय व्हावं? स्नेहलने बिल्डिंगभर सांगितलं! मी गॅलरीत उभी, ही खाली चारचौघींत, "अगं, आमच्या मोठ्या जाऊबाई कोथिंबिरीसाठी ऐंशी मिनिटं चालल्या!" आणि त्या सगळ्या हसतायत! एक तर पोट धरून! आणि भावजी येतात, हात पुसत म्हणतात, "अहो वहिनी, मला सांगायचं ना! उद्यापासून चार दिवस रजाच टाकतो. काही लागलं, कुठे जायचं असलं, हक्काने सांगा!"

हक्काने सांगा. तुम्हाला सांगते, हे दोन शब्द कुणी कधी खरे धरतं का हो? लग्नाच्या मांडवात म्हणायचे, जिन्यात म्हणायचे, समोरच्याने "हो हो" म्हणायचं आणि आपापल्या घरी जायचं, अशी आपली रीत. पण त्या रात्री मी उशीवर डोकं टेकलं आणि ठरवलं, खरे धरायचे. दहा मिनिटं म्हणतोस ना? मोजून घेते तुझी दहा मिनिटं, एकेक!

मंगळवार, सकाळी सव्वासहा. "भावजी, दूध. हक्काने सांगतेय हं!" आले बिचारे डोळे चोळत. आता गाडी काढायची म्हणजे काय, तर आधी कव्हरच्या गाठी सोडायच्या, चार. मग कव्हर उचलायचं, झटकायचं, घडी घालायची, घडी चुकली की पुन्हा घालायची. मग पिवळ्या फडक्याने काच. मग इंजीन गरम. मी उभी आहे पिशवी घेऊन, घड्याळ बघत. पंचवीस मिनिटं! दहा मिनिटांच्या आधीची ही पंचवीस मिनिटं नाशकात कुणी मोजतच नाही! परत आल्यावर पुन्हा कव्हर. शेवटची गाठ मारून भावजी पायऱ्या चढतात न चढतात, मी दारात, "भावजी, गिरणी!"

एक किलो भाजणी हो! फक्त एक किलो! दुपारी मेन रोडला, साडीला फॉल. तिथे गाडी लावायला जागा? फिरतायत, फिरतायत, शेवटी जागा मिळाली ती इतकी लांब की मी म्हटलं, भावजी, हे तर आपलं घरच आलं! बुधवारी तोच फॉल बदलायला, कारण रंग मुद्दाम चुकीचा घेतला होता. मुद्दाम! आता लाजायचं काय, सूड म्हणजे सूड. आमचे हे दरवेळी पुढच्या सीटवर, काच खाली, "आल्हाद, हवा बघ काय आहे!" आणि आल्हादभावजींच्या कपाळावर घाम.

गुरुवारी म्हटलं, माझी शाळेतली मैत्रीण सविता देवळाली कॅम्पात राहते, जवान नवऱ्याबरोबर, म्हणजे नवरा लष्करात, वयाने जवान नाही. "दहा मिनिटं ना भावजी?" मुकाट कव्हरच्या गाठी सोडायला लागले. वाटेत लष्कराच्या ट्रकांचा ताफा आडवा. एक ट्रक, दोन ट्रक... मी मोठ्याने मोजत होते, एकवीसपर्यंत. पोहोचलो, तर सविता घरी नव्हती. मला माहीत होतं ती नसणार! पुण्याला गेली होती लेकीकडे, मागच्याच आठवड्यात पत्र आलं होतं. मी आपलं बंद दाराकडे बघून म्हटलं, "अगं बाई! आता उद्या यायला हवं!"

शुक्रवारी भावजींच्या कमरेला पट्टा. तरी मी गेले, "भावजी, कढीपत्ता. आठच पानं." ते उठले नाहीत, नुसते खुर्चीतून कव्हरकडे बघत राहिले. मग ह्यांच्याजवळ बसून हळूच म्हणाले, "दादा, मी काय म्हणतो... वहिनींना मुंबईच बरी नाही का?" आणि हे! हवेवर जगणारे हे! मान खाली घालून म्हणाले, "बघ बाबा. शेवटचा शब्द तिचा." रात्री मला म्हणाले, "तुला नको असेल तर राहू दे." जिंकले! तुम्हाला सांगते, जिंकले होते मी! बॅग भरली, पहाटेच्या गाडीची तिकिटं उशाखाली, शकुबाईची पायरी मला दिसायला लागली होती...

आणि मी पाणी प्यायला उठले. का उठले? तांब्या उशाशी होता, तरी का उठले? स्वयंपाकघरात दोघं बोलतायत. स्नेहल म्हणते, "मी म्हटलं नव्हतं? वहिनींना नाही जमायचं इथं. खाली उतरून कोथिंबीर आणणाऱ्या त्या, त्यांना काय जमणार!" आणि भावजी, तो पट्टा सोडत, लांब श्वास घेऊन म्हणतात... काय म्हणतात माहितीये?

"सुटलो!"

सुटलो? मी इकडे अंधारात उभी, पेला हातात. मला जमायचं नाही? मला? आणि हे सुटले? कोण सोडतंय! तशीच गेले खोलीत, दिवा लावला, ह्यांना हलवून उठवलं, म्हटलं, "उठा! उद्या टोकन द्यायचं." "कसलं?" "रो-हाऊसचं! नंबर सात!" "अगं पण तुला..." "मला काय? हवा बघा काय आहे!"

आता माझ्याकडे असं बघू नका. मला कळत होतं! टोकनच्या चेकवर सही दोनदा चुकली, ती आनंदाने नव्हे. पण भावजींचा चेहरा! सुनील म्हणाला, "अभिनंदन सर, वहिनी आता तुमच्या अगदी जवळ," आणि भावजींचा चेहरा त्या कोथिंबिरीच्या जुडीसारखा! त्या एका चेहऱ्यासाठी मी मुलुंड विकलं. मुलुंड सोडताना शकुबाई पायरीवरून उठली, माझा हात धरला, म्हणाली, "ताई, तिथं कोण देईल हो तुम्हांला निवडलेली जुडी?" रडले मी. रडले, डोळे पुसले, आणि नाशकात उतरल्याबरोबर भावजींना फोन लावला, "भावजी, पोचलो! गॅसचा नंबर लावायचाय, हक्काने सांगतेय हं!"

आठ महिने! दर रविवारी, दर सुट्टीला. पण भावजीही आमच्याच घरातले हो. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला आले, हातात पेढे आणि एक पाकीट. उघडते तर काय, मोटार शिकवण्याच्या क्लासची पावती! माझ्या नावाची, भरलेली! "वहिनी, आमच्याकडून छोटीशी भेट," आणि असं गोड हसले... तेव्हा मला कळलं, या घरात सूड घेता येणारी मी एकटी नाही.

शिकवायला भिमाजी नावाचा माणूस, सटाण्याकडचा. "मॅडम, क्लच हळू सोडा! गाडी हाय ती, वरवंटा नाय!" ब्रेक दाबला की हा पुढे, सोडला की मागे. "लय जोर हाय तुमच्या पायात, मॅडम, एवढा राग कुणावर हाय?" मी म्हटलं, दिरावर. म्हणाला, "मग शिकाल." तिसऱ्या खेपेला लायसन्स मिळालं. जुनी गाडी घेतली, पांढरी. आणि हो, कव्हर घेतलं. धूळ किती असते इथं! चार गाठी, झटकायचं, घडी, पिवळं फडकं.

ते मार्केट येणार होतं ना? सहा वर्षं झाली, येतंय. त्यामुळे आमच्या लायनीतल्या सगळ्या माझ्याकडे. "सरोजिनीकाकू, वाटेतच आहे ना?" कुणाची वाट कुठे, पण सगळ्यांचं माझ्या वाटेत. आणि मीही म्हणते, अगं, हक्काने सांगा! जिभेला वळणच पडलं.

आता परवाची गोष्ट. भावजी निवृत्त झाले, कारखान्याची बस बंद. मोतीबिंदू झाला, गाडी मुलगा घेऊन गेला बंगलोरला. स्नेहलचे गुडघे गेले, स्कूटी जिन्याखाली. फोन वाजला. "वहिनी... तुम्ही म्हणाला होतात ना, हक्काने सांगा... स्नेहलला डॉक्टरांकडे न्यायचंय. कॉलेज रोडला."

अहो, सहा वर्षं मी या फोनची वाट बघत होते! सहा वर्षं वाक्य तयार! "भावजी, चालत जा की, हवा बघा काय आहे!" आंघोळ करताना म्हणून बघितलं होतं, आरशासमोर म्हणून बघितलं होतं. तोंड उघडलं. तिकडून स्नेहलचा आवाज आला, लांबून, "राहू दे हो, नका त्यांना त्रास देऊ, आपण रिक्षा बघू..." आणि मला ती भर उन्हात चालताना दिसली, म्हैस बघत, प्लॉटमागून प्लॉट... आणि माझ्या या तोंडातून काय बाहेर पडलं?

"दहा मिनिटांत आलेच!"

आणि वर काय म्हटलं? "कोथिंबीर आणायचीय का? वाटेतच आहे!" मी! मी म्हटलं!

किती वाजले हो? साडेचार? अगं बाई, आजही तिला न्यायचंय, पाचला. चला, निघते. कव्हर काढायलाच पंचवीस मिनिटं लागतात.