विमावाल्याचा फोन

हसू नका, माझी नुकसानभरपाई माझ्याच चांगल्या वळणाने अडवली. काचीगुड्याला अ‍ॅपवरून बोलावलेली कॅब दुभाजकावर आदळली आणि मागे बसलेल्या माझा हात मोडला. मी भरपाईचा अर्ज केला, तसा विमावाल्याचा फोन आला. "कैसे हैं साब?" प्लास्टर सांभाळत मी म्हणालो, "आपकी दुआ से एकदम बढिया."

आठवड्याने पत्र आलं, अर्जदार स्वतःच तब्येत उत्तम असल्याचं सांगतो.

बायको भडकली. "कुणीही विचारलं की बढिया म्हणायची खोडच आहे तुम्हाला. पुन्हा अर्ज करा, आता फोन मी घेते."

एक्स-रे, बिलं समोर मांडून ती तयारीतच बसली. फोन वाजला. विमावाल्याने विचारलं, "घर में सब खैरियत, अम्मा?"

"हौ बाबा," ती म्हणाली, "सब खैरियत."