तिसरी उडी

आजच्या सत्काराचे अध्यक्ष आदरणीय लालासाहेब, प्रमुख पाहुण्या नगराध्यक्षा संयोगिताताई, व्यासपीठावरचे माजी सैनिक संघटनेचे पदाधिकारी, समोर बसलेले तमाम वडूजकर बंधू-भगिनी आणि शेवटच्या रांगेत ताठ बसून घामाघूम झालेल्या माझ्या भरतीच्या पोरापोरींनो,

शाल घातलीत, नारळ दिलात, फेटा बांधलात. मी ऋणी आहे. पण आत्ताच निवेदक मानसिंगराव म्हणाले की, सुभेदार इलाही मुलाणी यांच्या सल्ल्यामुळं सिनेमात सैनिकी प्रशिक्षण हुबेहूब उतरलं. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. मानसिंगराव, रागावू नका, पण हा ‘हुबेहूब’ मी कुठं ठेवू?

सव्वीस वर्षं फौजेत काढली. त्यातली चार रंगरूटांना शिकवण्यात गेली. गेल्या वर्षी सिनेमावाले आपल्या माळावर आले तेव्हा वाटलं, चला, आता तरी लोकांना खरं काय ते कळेल. वही भरून एक्केचाळीस सूचना लिहून दिल्या. त्यांनी एक घेतली. टोपी कोणत्या भुवईवर झुकते, ती.

पडद्यावर काय दिसतं? हिरो मानेवर रुळणारे केस घेऊन ट्रेनिंग सेंटरला येतो, एक गाणं होतं, आणि गाणं संपेपर्यंत जवान तयार! अहो, तेवढ्या वेळात आमच्या रंगरूटाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. पहिले कित्येक आठवडे तो नुसता उभं राहायला शिकतो. अंथरुणाची घडी, दाढी, सावधान, विश्राम. रायफल मिळते ती आधी पुसायला. फायरिंगच्या दिवशी काडतुसाची एक रिकामी पुंगळी कमी भरली, तर अख्खी तुकडी गवतात गुडघे टेकून ती शोधते. हे सांगितलं तर दिग्दर्शक म्हणाले, “सर, यात ड्रामा नाही.”

आणि सिनेमातला उस्ताद, म्हणजे रंगरूटांना शिकवणारा! तोंड उघडलं की शिवी, हात उचलला की थप्पड. ओरडायचो मीही, माझा आवाज या गावाला ठाऊक आहे. पण कुणाच्या टाचेला फोड आलाय हे त्या पोराच्या आधी मला कळायचं. उस्तादाचं काम ते असतं. निदान मी तसं समजत होतो.

ताई घड्याळाकडं बघतायत, कळतंय मला. मूळ गोष्टीवर येतो. खरं तर तिच्यासाठीच उभा राहिलोय.

सैनिक म्हणून पळायला सिनेमावाल्यांना वीस पोरं हवी होती. ती मीच दिली, माझ्या भरतीच्या वर्गातली. त्यात रविराज होता, मेंढरं राखणाऱ्या आप्पासो आणि भामाबाईंचा. फौजेच्या भरतीची लेखी परीक्षा पास झालेला. सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत मारायचा. मैदानी चाचणी एकोणीस दिवसांवर आली होती, आणि वयाच्या अटीनं ती त्याची शेवटचीच संधी होती.

त्या दिवशी बारा फुटी भिंतीवरून उडी घ्यायची होती. खाली चिखल हवा म्हणाले. आपल्याकडं टँकर आला की बायका हंडे-घागरी घेऊन पळतात. यांनी दोन टँकर चिखलासाठी ओतले. आणि वरच्या वीतभर चिखलाखाली काय? आपला मुरूम. सेंटरला उडीखालची माती खणून भुसभुशीत करतात, पोरं एकेक करून उतरतात, उस्ताद खाली उभा असतो. इथं वीस जण एकदम, हातात लाकडी रायफली.

दोन उड्या झाल्या. रविराज माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “उस्ताद, खाली पाय घसरतोय.” मी दिग्दर्शकांना सांगितलं. त्यांनी हात जोडले, अजून खरं वाटत नाही, एक शेवटची घेऊ म्हणाले. हिरो शेजारीच होता. सुभेदारसाहेब सांगतील तसं करू, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मला माझ्या नावाची खुर्ची दिली होती, वर छत्री धरली होती. साहेब साहेब म्हणून चार दिवस सगळे मागंपुढं करत होते. ते सगळं अंगावर चढलं होतं माझ्या. मी म्हणालो, “घ्या एक.”

रविराजनं माझ्याकडं बघितलं आणि भिंत चढला. का चढणार नाही? हुकूम आला की प्रश्न विचारायचा नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

तो गुडघ्यावर पडला. ओरडला नाही. पाय धरून चिखलात आडवा झाला आणि आभाळाकडं बघत राहिला. ‘कट’ म्हणून दिग्दर्शकांनी टाळी वाजवली. एकदम रिअल, म्हणाले. पोरगं अभिनय करतंय असं वाटलं त्यांना.

तेवढा तुकडा सिनेमात आहे. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. दोन सेकंदांचा. थेटरात त्यावर शिट्ट्या पडल्या. मानसिंगराव, हुबेहूब म्हणायचं तर तेवढंच.

सांगलीला ऑपरेशन झालं. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. भरतीच्या दिवशी तो तिथंच पलंगावर होता. आज चालतो, पण मेंढरांमागं दिवसभर हिंडणं जमत नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसून तारा गुंडाळतो. मला बघितलं की अजून उठून उभा राहतो. ते मला सहन होत नाही.

दवाखान्यात भामाबाईंनी मला एकच विचारलं होतं. “आवं सुभेदार, तुमी व्हता की तितं?” मी सिनेमावाल्यांना शिव्या देत बसलो. त्या शिव्या खोट्या नव्हत्या, पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

आयोजकांचे, अध्यक्षांचे, ताईंचे मनापासून आभार. सत्काराच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. आवाज चढला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते सभागृहानं पोटात घालावं. माळावरची चूक मात्र सभागृहानं माफ करायची नाही. तो हक्क तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईचा आहे.

भामाबाई, व्हय. मी तितं व्हतो. ‘घ्या’ मीच म्हणालो. तुमची आणि रविराजची माफी मागतो. द्यायची का न्हाई, ते तुमी ठरवा.

बसतो मी.