व्याह्यांचा टोफू आणि माझे पाय

...नाही, टोफू वाईट असतो असं मी म्हणतच नाही, आणि आमच्या व्याह्यांचा, ओकित्सूंचा, टोफू तर सगळ्या मात्सुए गावात नावाजलेला, चार पिढ्यांचं दुकान, माणसं पहाटे भांडी घेऊन उभी असतात. पण तुम्हीच सांगा, लग्नाच्या दिवशी, विधीच्या जरासं आधी, नवरीच्या बापापुढे अख्खी वडी ठेवून "खा" म्हणायचं, हा काय न्याय झाला? आणि त्यातून तो बाप माझ्यासारखा असेल तर?

माझ्यासारखा म्हणजे कसा, ते सांगतो. मी तातामी शिवणारा माणूस. गवताच्या जाड चटया शिवण्यात जन्म गेला. मागे एकदा सुई धरलेला हात आपोआप थरथरायला लागला, म्हटलं थंडी असेल. मग उन्हाळा आला, तरी हाताची थंडी काही जाईना! आणि त्यानंतर पाय. दारात उभा राहिलो की पाय जमिनीला चिकटलेच. मी म्हणतो, चला. पाय म्हणतात, तू कोण सांगणारा? पाय माझे, पण ऐकतात कुणाचं?

निशिवाकी डॉक्टरीणबाईंनी कंपवात म्हणजे काय ते समजावलं. बाई हळू बोलतात, लहान मुलाला घास भरवावा तशा. "कुरामोची-सान, सगळ्यांच्याच मेंदूत एक प्रथिन असतं, या पेशीचा निरोप त्या पेशीला पोचवायला हातभार लावणारं. तुमच्याकडे त्याची घडी चुकते. चुकलेल्या घड्यांचे गोळे साठतात आणि डोपामीन बनवणाऱ्या पेशी एकेक करून दुकान बंद करतात." आणि डोपामीन म्हणजे काय, तर पायांना 'चल' म्हणणारा निरोप्या. आता मला सांगा, जन्मभर एका काठाची घडी चुकू दिली नाही मी, गिऱ्हाईक बोट दाखवेल म्हणून, आणि घडी चुकली ती नेमकी डोक्यात, जिथं सुई पोचत नाही!

मग बाईंनी मला चालायला लावलं, आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला. त्र्याण्णव म्हणालो, चाललो. शहाऐंशी म्हणालो... उभा. एकोणऐंशी डोक्यात आहे, पाय तिथंच आहेत. बाई म्हणाल्या, डोपामीन नुसते पाय हलवत नाही, एकदम दोन कामांकडे लक्ष ठेवायचं तेही तेच बघतं. म्हणजे चाला, नाहीतर हिशेब करा. दोन्ही मिळणार नाही.

औषध आहे. गोळीतून मेंदू थोडं डोपामीन बनवून घेतो. पण ती गोळी ज्या दारानं आत शिरते, त्याच दारानं अन्नातली प्रथिनंही शिरतात. मासे, अंडी, टोफू ही मंडळी दारात दाटली की गोळी बिचारी बाहेर. म्हणून सकाळी भात आणि लोणचं, बाकी सगळं रात्री.

हे व्याह्यांना ठाऊक नव्हतं. लेक चिनात्सु म्हणत होती, सांगून टाका. बायको फुसाए तेच म्हणत होती. जावई हायाते, त्याला सगळं माहीत, तोसुद्धा म्हणाला, माझे बाबा समजून घेतील. मी म्हटलं, लग्न होऊ दे. अहो, जुनं घराणं! उद्या कुणी म्हणालं, बापाला आहे तर लेकीलाही होईल का, मग? म्हणून जिथं जाऊ तिथं हात खिशात आणि पाय टेबलाखाली.

घरात मी बरा चालतो बरं का! कारण जमिनीभर तातामी, आणि तातामीच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही. आमच्या वडिलांनी पट्टी मारून शिकवलंय, काठावर पाय म्हणजे घराच्या मानेवर पाय. काठ दिसला की पाय आपोआप उचलतो. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, समोर रेघ दिसली की मेंदू आडवाटेनं हुकूम पोचवतो. पण लग्न कुठं? तर चर्चसारख्या बांधलेल्या हॉलमध्ये! आमच्याकडे कुणी ख्रिस्ती नाही, दोन्ही घरी बुद्धाला उदबत्ती, पण लेकीनं बापाचा हात धरून चालत जायचं ही हौस सगळ्यांना. आणि चालायचं कशावरून? लांबलचक पांढऱ्या गालिच्यावरून. एक रेघ नाही त्याच्यावर!

हॉलच्या ताई मधाळ आवाजात शिकवत होत्या, "वडिलांनी उजवा पाय, मग जोडायचा, डावा पाय, मग जोडायचा, चेहऱ्यावर हसू, आणि अधूनमधून लेकीकडे मायेनं बघायचं हं." ताई, मला शहाऐंशीच्या पुढं जाता येत नाही, आणि तुम्ही हसू मागता?

तरी सगळं बेतून ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशी हॉलचं दार उघडायच्या वेळी पाय मोकळे होतील अशी गोळी घेतली. पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ओकित्सू आत आले. काळा सूट, हातात लाकडी डबा. खाली बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, "आमच्या घराण्याची रीत आहे. लग्नाच्या दिवशीचा पहिला टोफू नवरीच्या वडिलांना. पहाटे स्वतः केलाय. तुम्ही खाल्ल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मनात म्हटलं, आणि मी खाल्ला तर मी हलणार नाही, त्याचं काय?

पोट भरलंय म्हणालो. ते थांबले. नंतर खातो म्हणालो. ते थांबले. फुसाए टेबलाखालून चिमटे काढतेय, सांगा म्हणून. मी एक घास घेतला, त्यांचे डोळे चमकले, दुसरा घेतला... संपवला हो! आणि सांगतो, तो इतका सुरेख होता की संतापही धड करता येईना.

मग तो दरवाजा. बाजा सुरू झाला, दारं उघडली, चिनात्सुचा हात माझ्या कोपरात, आणि पाय... गेले. चिकटले. सगळा हॉल वळून बघतोय. बाजावाल्यानं सूर संपवला आणि पुन्हा पहिल्यापासून धरला. घाम डोळ्यांत उतरला. व्याह्यांच्या बाजूला कुजबुज. मला वाटलं, झालं, आता कळलं सगळ्यांना, आणि लेकीचा दिवस मी या दारातच संपवला. पाय माझे, पण ऐकतात कुणाचं?

चिनात्सु ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, टोफू?"

"सगळा."

मग तिनं झग्याखालून पांढऱ्या बुटातला आपला पाय पुढे काढला आणि माझ्या बुटापुढे आडवा ठेवला. अगदी आमच्या वडिलांच्या करड्या आवाजात म्हणाली, "काठ आहे. पाय देऊ नकोस."

पाय उचलला. मला न विचारता उचलला!

मग पुन्हा आडवा बूट, पुन्हा काठ. नवरी खेकड्यासारखी तिरपी चाललीय, ओढणी खांद्यावरून घसरलीय, मी बगळ्यासारखा ढांगा टाकतोय, मायेनं बघणं राहिलं बाजूला, माझी नजर तिच्या बुटावरून हलेना. पोचलो. हायातेनं आधी मला धरलं, मग तिला.

वळून बघतो तर हॉल रडतोय! ओकित्सू आले, डोळे सुजलेले. "लेकीला सोडताना पाय निघेना," म्हणाले, "अशी माया मी पाहिली नाही."

ते फुकटचं कौतुक काही पचेना. सांगून टाकलं. प्रथिन, घडी, गोळी, दार, सगळं. त्यांचा चेहरा त्यांच्याच टोफूसारखा पांढरा झाला. माफी मागत किती तरी वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "घरच्यांपासून लपवतात का? टोफू सकाळी चालत नाही ना... मग केव्हा चालतो?"

आणि मी, शहाणा, म्हणालो, "रात्री."

तेव्हापासून रोज रात्री ओकित्सू स्वतः डबा घेऊन येतात, गुडघ्यांवर हात ठेवून बसतात, खाल्ल्याशिवाय हलत नाहीत. मी खातो. ते उठतात. पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला नको? मी पोचवायला जातो आणि उंबऱ्यात चिकटतो. ते म्हणतात, काही घाई नाही, तुमचे पाय सुटेपर्यंत मी आहे सोबतीला. परत बसतात. बसले की हात रिकामे, म्हणून आणखी एक तुकडा कापतात, तो मी खातो, आणि तो खाल्ला की पाय...

असो. पाय माझे आहेत, ऐकतात व्याह्यांच्या टोफूचं.