बाई साधनेत आहेत

हो, मीच सांगितलं दीपकला. तुमच्या योगवर्गात पडले असं मी सांगितलं आणि ते खोटं आहे — बसा, सायलीताई, उभ्या राहून ऐकण्यासारखं हे नाही. सगळ्या बायका गेल्यावर तुम्ही मला एकटीला मागं थांबवलंत, डोळे मिटून एका पायावर उभं केलंत आणि तोल गेला तेव्हा धरायला हातही पुढं केला नाहीत — ही वाक्यंसुद्धा माझीच आहेत. माझा मुलगा इतकं नीट बोलत नाही. त्यानं पुण्याहून फोन करून ती जशीच्या तशी आपल्या सोसायटीचा हॉल सांभाळणाऱ्या भारतभाऊंना ऐकवली आणि भारतभाऊंनी तुमच्या वर्गाला हॉल बंद केला. दीपक खोटं बोललेला नाही, तो आईच्या शब्दावर बोलला. एवढं आधी स्पष्ट असू द्या.

पाणी घ्या ना. तांब्या तिथं आहे, तुम्हालाच ओतून घ्यावं लागेल, या प्लास्टरनं माझा डावा हात अडकलाय. कुठं पडले? इथं, स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. त्याच दिवशी, तुमच्या वर्गावरून आल्यावर. तुम्ही मला मागं थांबवलं होतंत हे मात्र खरं — आणि कशासाठी थांबवलं होतंत ते तुम्हीही विसरला नसाल. खुर्ची दाखवायला. 'बाई, वृक्षासन खुर्चीची पाठ धरून करा, तुमची हाडं नाजूक आहेत,' हे तुम्हाला चारचौघींत बोलायचं नव्हतं, माझा मान राहावा म्हणून तुम्ही हॉल रिकामा होईपर्यंत थांबलात. आणि मी — मला खोटं रचायला जागा हवी होती, तर तीच सापडली. तुम्ही आणि मी, तिसरं कोणी नाही. साक्षीदार नाही. पाहता काय अशा? मी हुशार विद्यार्थिनी होते आणि हुशार शिक्षिकाही होते, हुशारी कुठं वापरावी हे काही ती स्वतः सांगत नाही.

खुर्चीचं मला लागलं, हे कबूल करते. सगळी नोकरी मी वर्गात उभ्यानं केली. खुर्चीत बसून शिकवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी माझं मतही ठाम आहे. त्यातून तुमचा तो वर्ग — पहिल्या दिवशी मला वाटलं, हा वर्ग आहे की जत्रा? गोल करून उभं राहायचं, शेजारणीच्या तळव्याला तळवा टेकवायचा आणि तुम्ही म्हणणार, 'वारा सुटलाय, झाडं हलू द्या.' मग ती चांदवडची कलाबाई दर वेळी पडणार, पडताना दोघींना घेऊन पडणार, आणि सगळ्या सतरंजीवर लोळून हसणार. हसताना श्वास सुटतो, पोटाचे स्नायू ढिले पडतात, असं मी तुम्हाला म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, 'ढिलेच पडू द्यायचेत, बाई.' मला ते पटलं नव्हतं. मी एकटी ताठ उभी राहायचे. तर कलाबाई सगळ्यांदेखत काय म्हणाली — 'बाई, तुमी झाड नाय, तुमी इजेचा खांब हाय.' तुम्हीही हसलात. नाही, हसलात, मी पाहिलं.

म्हणून घरी येऊन केलं. खुर्ची न धरता, डोळे मिटून, शिवाय ओट्याला पाठ करून, म्हणजे मोह नको. उजवा पाय उचलला, हात जोडले, आणि — छान उभी होते हो. खरं सांगते, छान उभी होते. मनातल्या मनात कलाबाईला उत्तर देत होते, तेवढ्यात टाच कुठं गेली ते कळलंच नाही.

दुखलं त्याचं काही नाही. उठता येईना. या हातावर भार द्यावा तर डोळ्यांपुढं अंधार, दुसऱ्या कुशीवर वळावं तर कंबर साथ देईना. फरशीवर पडल्या पडल्या ओट्याखालची जळमटं दिसत होती आणि मला वाटत होतं, आपण घर स्वच्छ ठेवतो असं आपल्याला इतकी वर्षं का वाटत आलं. आणि मग सुवर्णावहिनी आल्या. शेजारच्या. त्यांच्या भावाच्या निफाडच्या मळ्यातली द्राक्षं घेऊन. बेल वाजवली, हाका मारल्या — 'बाई, द्राक्षं आणलीत, दार उघडा.' किल्ली त्यांच्याकडं असते माझी. मी नुसतं 'या' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी काय म्हटलं, सांगू? मी म्हटलं, 'दाराशी ठेवा, वहिनी, मी शवासनात आहे, साधना मध्ये मोडत नाही.' वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. फरशीवर पडून. त्या 'बरं बाई' म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांनी मला तसं पाहावं — पातळ वर गेलेलं, केस सुटलेले — हे मला नको होतं. मग ऊन ओट्यावरून उतरून माझ्या तोंडावर आलं, तोंडावरून भिंतीवर गेलं, आणि मी तिथंच. शेवटी सरपटत या दिवाणापर्यंत आले. कशी आले ते विचारू नका. बसता आल्यावर रिक्षा बोलावली आणि दवाखान्यातही वर्गात पडले असंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुवर्णावहिनी सगळीकडं सांगत होत्या, बोरस्तेबाईंची साधना बघा, हात मोडायच्या दिवशीसुद्धा दुपारभर शवासन.

दीपकला खरं का नाही सांगितलं, हे आता तुम्ही विचारणारच. दिवाळीत मी न्हाणीघरात घसरले होते. तेव्हा त्यानं एकच अट घातली — 'आई, घरात पुन्हा एकटी पडलीस तर पुण्याला यायचं, मग वाद नाही.' आणि मी हो म्हटलं होतं. वर्गात पडणं वेगळं, वर्गात माणसं असतात, चूक दुसऱ्याची असू शकते. त्याचं घर चांगलं आहे, सूनबाई प्रेमळ आहे, माझी तक्रार नाही. पण तेराव्या मजल्यावर मी काय करू? तिथं मी आजी. लिफ्टमधली मुलं आजी म्हणतात, वॉचमन आजी म्हणतो, औषधवाला आजी म्हणतो. इथं भाजी घेताना माझ्या मागं बायका कुजबुजतात, 'बोरस्तेबाई आहेत, नीट उभी राहा.' तेवढंच उरलंय माझ्याजवळ, सायलीताई, दुसरं काही नाही.

म्हणून माझं एक ऐका. हे असंच राहू द्या. कायमचं नाही म्हणत — प्लास्टर निघेपर्यंत. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला गंगापूर रोडला दहा हॉल मिळतील, मी स्वतः चार ठिकाणी शब्द टाकते. माझ्या शब्दाला अजून — अशी मान हलवू नका. खुर्चीच्या दिवशी हलवलीत तशीच हलवता आहात. मी उठू शकत नाही असं तुम्हाला वाटतं ना? मी एकटी राहू शकत नाही असं? थांबा. दाखवते. नाही, तिथंच बसा, मी तुम्हाला दाखवते. ही मी खाली बसले. बसता आलं की नाही? आता आडवी झाले. आता पाहा.

थांबा जरा.

प्लास्टरमुळं होतंय हे. एरवी — थांबा म्हटलं ना, श्वास घेते आहे. एकदा गुडघा वळला की — अगं, नको, ओढू नको, हात दुखतो. सायली, ओढू नको गं. मला नाही येत. मला नाही येत उठता.

हे काय? तुम्ही का आडव्या झालात? साडी नाही, ड्रेस आहे तुमचा, तरी फरशी थंड आहे, धूळ असेल. काय, तुमच्याकडं पाहू? पाहते. उजव्या कुशीवर. आधी गुडघे पोटाशी... लहान मूल झोपतं तसं. हं. मग कोपर. हात नव्हे, कोपर, कळलं. आता मान सोडायची, मान मला सुटत नाही कधी, तुम्हाला ठाऊकच आहे. जीभ कशाला बाहेर काढता? मीही काढू? या वयात? — सुटली की मान. आता गुडघ्यांवर. मांजर कसली, तीन पायांची मांजर. हसवू नका, कोपर निसटेल. दिवाणाकडं तोंड... आले. आले मी. गादीवर डोकं टेकू द्या. नाही, पुढं उठवू नका, इथवर पुरे. गुडघ्यांवर आहे तोवर बोलते, दिवाणावर बसले की मी पुन्हा बोरस्तेबाई होईन आणि मग हे होणार नाही. फोन द्या. उशीजवळ आहे.

दीपक? आई बोलते. बरी आहे. मध्ये बोलू नकोस, मला सलग बोलू दे. मी वर्गात पडले नाही. घरात पडले, एकटी, सायलीताईंनी खुर्ची धरायला सांगितली होती आणि मी धरली नाही. हो, त्याच दिवशी. हो, त्या दिवशी सगळं खोटं सांगितलं. दुपारभर पडून होते. नाही, कोणाला हाक मारली नाही... आली होती एक जण, मी परत पाठवली. — दीपक. दीपक, रडायचं नाही, मी नाही रडत. — आज संध्याकाळीच भारतभाऊंना खरं सांग आणि सायलीताईंची क्षमा माग, सोमवारपासून हॉल त्यांचा. करशील ना? — बरं. रविवारी. हो, येईन. वाद घालत नाही. आणि इथं जमिनीवरून एकटीनं उठता यायला लागलं तर परत पाठवशील ना मला? — बरं. ठेवते.

'बघू' म्हणाला. बघू म्हणजे होकार नव्हे, तेव्हा तो मी धरत नाही.

आता हात द्या, बसते. हं. तर ठरलं ते असं. दीपक आज संध्याकाळीच भारतभाऊंना फोन करून खरं सांगणार, तुमची क्षमा मागणार आणि सोमवारपासून हॉल तुमचा, हे त्यानं मान्य केलं. बायकांना कारण सांगताना माझं नाव गाळायचं नाही, कलाबाईला तर आधी सांगायचं — हे तुम्हाला मान्य नसलं तरी करायचं. रविवारी दीपक गाडी घेऊन येणार आणि मी जाणार. ते त्याला मान्य आहे. मलाही मान्य आहे. निघा आता.